इव्हँजेलिकल कोण? रोजच्या जगण्यातला धर्म इतिहासकार कसा शोधतात

अमेरिकेत इव्हँजेलिकल ख्रिस्ती, म्हणजे मन पालटणं आणि बायबल यांवर भर देणारे प्रोटेस्टंट, किती आहेत, याचं एकच एक उत्तर मिळत नाही. १९७६ साली गॅलप संस्थेनं लोकांना थेट विचारलं, की तुमचा 'नवा जन्म' झाला आहे का, म्हणजे ख्रिस्ताला स्वीकारून तुमचं मन पालटलं आहे का. सुमारे एक तृतीयांश लोक हो म्हणाले. २००० साली काही समाजशास्त्रज्ञांनी दुसरी पद्धत मांडली. माणूस कोणत्या चर्चचा सदस्य आहे ते विचारायचं आणि त्या चर्चच्या परंपरेवरून त्याला एका गटात टाकायचं. यात कृष्णवर्णीय प्रोटेस्टंटांचा गट वेगळा धरला आहे, मग त्यांची श्रद्धा पलीकडच्या गोऱ्या बॅप्टिस्टांशी कितीही जुळत असो. २०१५ साली नॅशनल असोसिएशन ऑफ इव्हँजेलिकल्स आणि लाइफवे रिसर्च यांनी चार विधानं तयार केली. चारही विधानांशी जो ठामपणे सहमत, तो इव्हँजेलिकल. या तीन पद्धतींतून तीन वेगवेगळे गट हाती येतात. एकच बाई पहिल्यात असू शकते, दुसऱ्यात नसू शकते आणि तिसऱ्यात अर्धवट अडकू शकते.

इतिहासकाराची अडचण याहून मोठी. १७४२ सालच्या सूत कातणाऱ्या मुलीला फोन करून चार विधानं वाचून दाखवता येत नाहीत. शिवाय इव्हँजेलिकल हे एका चर्चचं नाव नाही. १७३० आणि १७४० च्या दशकांत ब्रिटन, अमेरिकेतल्या वसाहती आणि जर्मन भाषक प्रदेश यांत उसळलेला हा प्रवाह अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, मोरेव्हियन अशा अनेक मंडळ्यांमधून वाहिला आणि मेथडिस्ट तर त्यातूनच जन्मले. म्हणून त्याची सदस्यांची यादी कुठंच नाही. आधी व्याख्या करायची आणि मग माणसं शोधायची, की आधी माणसं बघायची आणि त्यांच्यावरून व्याख्या करायची, हा वाद इथूनच सुरू होतो.

सगळ्यांत जास्त वापरली गेलेली व्याख्या डेव्हिड बेबिंग्टन या ब्रिटिश इतिहासकाराची, १९८९ सालची. तिच्यात चार खुणा आहेत. पहिली, मन पालटल्याशिवाय माणूस खरा ख्रिस्ती होत नाही ही धारणा. दुसरी, श्रद्धा कृतीत उतरलीच पाहिजे, म्हणजे सुवार्ता सांगणं, सेवा करणं, धडपडणं. तिसरी, बायबलला सर्वोच्च अधिकार. चौथी, ख्रिस्तानं वधस्तंभावर दिलेलं बलिदान हा श्रद्धेचा गाभा. बेबिंग्टन यांनी ही यादी धर्मशास्त्राच्या पुस्तकातून उचलली नाही. ब्रिटनमधली अडीचशे वर्षांची प्रवचनं, चरित्रं, मासिकं चाळून सगळीकडे काय समान दिसतं ते त्यांनी टिपलं. म्हणूनच ती टिकली. अभिलेखागारात नवख्या माणसाला कोणत्या पेट्या उघडायच्या हे कळायला ती आजही उपयोगी पडते, आणि तिला निरुपयोगी म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तरी तिच्या मर्यादा ठळक आहेत. पवित्र आत्म्याचा अनुभव तिच्यात स्वतंत्र खूण म्हणून नाही. तो नसेल तर त्याच अनुभवावर उभ्या असलेल्या विसाव्या शतकातल्या पेंटेकोस्टल मंडळ्यांचं जगणं समजतच नाही. २००७ साली टिमथी लार्सन यांनी म्हणूनच पवित्र आत्म्याचं कार्य व्याख्येत आणलं आणि आणखी एक ऐतिहासिक अटही घातली: मेथडिस्टांचे प्रणेते जॉन वेस्ली आणि फिरते प्रवचनकार जॉर्ज व्हाइटफील्ड यांच्या काळातल्या संजीवनांतून, म्हणजे धर्मजागृतीच्या लाटांतून, पसरलेल्या जाळ्याशी नातं असलं पाहिजे. ही अट नसेल तर या चार खुणा वेगळ्याच काळातल्या एखाद्या साधूलाही लागू पडतील. दुसऱ्या बाजूनं काही अभ्यासक म्हणतात, की १७३० हा आरंभ मानणंच चूक, कारण सतराव्या शतकातल्या प्युरिटनांत, म्हणजे इंग्लंडचं चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या प्रोटेस्टंटांत, हे सगळं होतंच. डोनाल्ड डेटन यांनी तर १९९१ साली हा शब्दच सोडून द्यावा असं सुचवलं. इतकी परस्परविरोधी माणसं त्यात कोंबली आहेत, असं त्यांचं म्हणणं.

मला सगळ्यांत गंभीर वाटणारा आक्षेप वेगळा आहे. चार खुणा माणसाच्या मनात काय आहे ते सांगतात, पण तो त्याचं काय करतो ते सांगत नाहीत. ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स या चारही कसोट्यांवर उतरतात. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी लढून १८०७ साली ब्रिटनचा गुलामांचा व्यापार बंद पाडला. व्हाइटफील्डही चारही कसोट्यांवर उतरतात. त्यांनी जॉर्जिया वसाहतीत गुलामगिरीला परवानगी मिळावी म्हणून खटपट केली आणि त्यांच्याकडे गुलाम होते. कसोटी एकच, आणि माणसं एकमेकांच्या विरुद्ध टोकाला. म्हणजे धर्म त्यांच्या रोजच्या व्यवहारात कसा उतरला, हे पाहिल्याशिवाय आपल्याला फारसं काही कळलेलं नसतं.

रोजच्या जगण्यातला धर्म ही दिशा इथं कामाला येते. तिचं मूळ कॅथलिकांच्या अभ्यासात आहे. फ्रान्समध्ये गाब्रिएल ल ब्रा यांनी १९३० च्या दशकापासून गावोगावी मिस्साला, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेला, किती लोक येतात, ईस्टरला किती येतात, याची मोजणी मांडली. पुढच्या पिढीला हजेरी पुरेशी वाटेना. रॉबर्ट ऑर्सी यांनी १९८५ साली न्यू यॉर्कमधल्या इटालियन हार्लेमच्या मारियेच्या उत्सवाचा अभ्यास केला, तेव्हा घरं, जेवणं, नवस आणि आई-मुलांमधले ताण हेच त्यांचे पुरावे होते. १९९७ साली डेव्हिड हॉल यांनी अशा निबंधांचा संग्रह काढला आणि या पद्धतीला ठसठशीत नाव मिळालं. प्रश्न बदलले. लोक काय मानतात याच्या बरोबरीनं ते काय करतात, कोणत्या वस्तूनं, कुणाच्या सोबतीनं, दिवसाच्या कोणत्या वेळी, आणि घरातलं कोण त्यावर नाराज असतं, हे विचारलं जाऊ लागलं. इव्हँजेलिकलांचा अभ्यास या वाटेला थोडा उशिरा लागला, कारण यांचा धर्म म्हणजे शब्द आणि सिद्धांत, असा समज होता. जपमाळा नाहीत, मूर्ती नाहीत, मग बघायचं काय? प्रत्यक्षात बघायला भरपूर निघालं.

एक उदाहरण नीट पाहू. ग्लासगोजवळच्या कँबस्लँग गावात १७४२ साली मोठं संजीवन झालं, म्हणजे थोड्या काळात असंख्य लोकांना आपल्या पापाची आणि तारणाची एकदम तीव्र जाणीव झाली. गावचे पाळक विल्यम मकलक यांनी नंतर या लोकांना बोलावून प्रत्येकाची साक्ष लिहून घेतली. शंभराहून थोड्या अधिक साक्षी दोन जाड हस्तलिखितांत आहेत आणि ती हस्तलिखितं एडिनबरोच्या न्यू कॉलेजात आहेत. साक्ष देणाऱ्यांत बायकांची संख्या जास्त. बहुतेक तरुण, अविवाहित. मोलकरणी, सूत कातणाऱ्या, विणकर, कुळांची मुलं. वाचायला जवळजवळ सगळ्यांना येत होतं, पण लिहिता येणाऱ्या बायका फार थोड्या. म्हणून आज आपल्यापर्यंत पोचलेला बायकांचा आवाज बहुतेक ठिकाणी मकलक यांच्या लेखणीतून आलेला आहे. हे लक्षात ठेवूनच वाचायला हवं.

खरी गंमत पुढं आहे. या साक्षी छापायचा विचार होता, म्हणून मकलक यांनी ती हस्तलिखितं आणखी काही पाळकांकडे पाठवली. त्यांनी वाचून खुणा केल्या: हा मजकूर गाळा, हा ठेवा. गाळायला सांगितलेल्या मजकुरात साधारण काय आहे? डोळ्यांसमोर ख्रिस्त दिसला, नरकाची आग दिसली, आवाज ऐकू आला, अंग थरथरलं, भोवळ आली. पाळकांची भीती स्पष्ट होती. अशा गोष्टी छापल्या तर विरोधक म्हणतील, हा सगळा भ्रम आहे. काही साक्षींत बोलणारी व्यक्ती स्वतःच खुलासा करते, की हे मी शरीराच्या डोळ्यांनी नाही, श्रद्धेच्या डोळ्यांनी पाहिलं. हा खुलासा तिला सुचला, की समोर बसलेल्या पाळकानं विचारलं म्हणून आला, हे त्या पानावरून ठरवता येत नाही. पण प्रश्न मात्र विचारता येतो, आणि तो महत्त्वाचा आहे. खुणा केलेल्या ओळी आणि न केलेल्या ओळी शेजारी ठेवल्या, की अधिकृत श्रद्धा आणि लोकांची श्रद्धा यांतली सीमा नेमकी कुठं आखली जात होती ते दिसतं. चार खुणांच्या व्याख्येत तपासलं तर ही सगळी माणसं निर्विवाद इव्हँजेलिकल आहेत. त्या व्याख्येत ही सीमा मात्र दिसत नाही.

या साक्षींमध्ये वारंवार येणारी आणखी एक गोष्ट म्हणजे वचन 'सामर्थ्यानं येणं'. गायींमागं जाताना, कातताना, रात्री बिछान्यात पडल्यावर बायबलमधलं एखादं वाक्य अचानक मनात उमटतं आणि ते आपल्यालाच उद्देशून आहे अशी खात्री पटते. बायबलला सर्वोच्च अधिकार, हे सूत्र पाठ करणं वेगळं आणि पाठ झालेलं वचन भर कामात अंगावर येणं वेगळं. दुसरा अनुभव घडायला काही तयारी लागते. लहानपणापासून घोकलेली प्रश्नोत्तरं लागतात, गायलेली स्तोत्रं लागतात, ऐकलेली प्रवचनं लागतात. इतिहासकार शोधतो ती ही तयारी.

साक्ष वाचायची एक शिस्त आहे. सगळ्यांत आधी पाहायचं, की ती कुणाच्या हातची आहे आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली. कनेटिकटमधल्या नेथन कोल या शेतकऱ्याची साक्ष प्रसिद्ध आहे. २३ ऑक्टोबर १७४० च्या सकाळी मिडलटाउनला व्हाइटफील्ड बोलणार असं कळलं, तसं हातातलं अवजार शेतात टाकून तो घरी पळाला. बायकोला घोड्यावर घेतलं आणि निघाला. घोडा दमला की तो स्वतः उतरून बायकोला पुढं पिटाळायचा आणि श्वास संपेपर्यंत मागून धावायचा, मग पुन्हा बसायचा. बारा मैल असे तासाभरात काटले. वाटेत समोर धुक्यासारखं काहीतरी दिसलं. नदीवरचं धुकं असेल असं त्याला वाटलं, पण ती रस्त्यानं येणाऱ्या घोड्यांच्या टापांची धूळ होती. इतका जिवंत तपशील वाचून आपण भारावतो आणि विसरतो, की हे लिखाण सुमारे पंचवीस वर्षांनंतरचं आहे. मधल्या काळात कोलनं आपलं जुनं चर्च सोडलं होतं. त्याला आता तो दिवस कसा दिसत होता, हे आपण वाचतो आहोत. शिवाय त्या दिवशी त्याचं मन पालटलं नाही. त्या प्रवचनानं काळजाला जखम झाली, असं तो म्हणतो. शांती मिळायला पुढं जवळजवळ दोन वर्षं गेली. एका क्षणात झालेलं परिवर्तन ही कल्पना जितकी लोकप्रिय, तितकं ते साक्षींमध्ये क्वचितच तसं असतं.

दुसरी पायरी, साचा ओळखायची. अमेरिकेतल्या नॉर्थँप्टनमध्ये १७३४-३५ साली झालेल्या संजीवनाचा तिथले पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी लिहिलेला वृत्तांत १७३७ साली लंडनमध्ये छापला गेला आणि दूरवर वाचला गेला. बेफिकिरी, मग भय, मग स्वतःच्या प्रयत्नांची हार, मग अचानक प्रकाश, असा क्रम लोकांना ठाऊक झाला. मकलक स्वतः आपल्या मंडळीला परगावच्या संजीवनांच्या बातम्या वाचून दाखवत. साक्षीतला जो भाग या क्रमाशी तंतोतंत जुळतो तो खोटा आहे असं समजायचं नाही. लोक त्या क्रमानं खरोखरच अनुभव घ्यायला शिकलेले असतात. पण जो भाग क्रमात बसत नाही, तिथं थांबायचं. एखादी बाई मध्येच मालकिणीच्या टोमण्यांबद्दल बोलते, एखादा विणकर म्हणतो की शांती आली आणि आठवड्यात गेली. साक्षीतला वैयक्तिक आवाज अशाच जागी पकडता येतो. मग त्याच माणसाचं नाव बाप्तिस्म्याच्या नोंदी, चर्चच्या शिस्तसमितीची इतिवृत्तं, करांच्या याद्या यांत शोधायचं. तिथं काहीच सापडत नाही असं अनेकदा होतं. तेव्हा गप्प बसायचं, कल्पनेनं भरायचं नाही.

साक्षींचा मोठा दोष असा, की ज्यांचं टिकलं त्यांचंच लिहिलं गेलं. सहा महिन्यांनी उत्साह ओसरून पुन्हा पूर्वीसारखं जगू लागलेल्या माणसानं आत्मचरित्र लिहिलेलं नसतं. म्हणून छोट्या, फेकून देण्याजोग्या कागदांना फार मोल आहे. न्यू इंग्लंडमध्ये लोक पाळकाला चिठ्ठ्या देत: मूल आजारी आहे, बाळंतपण सुखरूप झालं, मुलगा समुद्रावर गेला आहे, मंडळीनं प्रार्थना करावी. अशा चिठ्ठ्या एरवी टिकायच्या नाहीत. पण कागद महाग होता आणि एडवर्ड्स यांना काटकसरीची सवय होती. ते या चिठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर प्रवचनांची टिपणं लिहीत. पाळकाचे कागद जपले गेले आणि त्यांच्या पाठीवर गावातल्या लोकांची काळजीही जपली गेली. डग्लस विनिअर्स्की यांच्यासारख्या इतिहासकारांनी अशा चिठ्ठ्या आणि मंडळीत प्रवेश घेताना दिलेली निवेदनं एकत्र वाचली आहेत. चिठ्ठ्यांत धर्मशास्त्र फार थोडं आहे. आजार, मृत्यू, प्रवास यांनीच त्या भरल्या आहेत.

मेथडिस्टांकडे आणखी वेगळा पुरावा मिळतो. १७४२ साली ब्रिस्टलमध्ये सभागृहाचं कर्ज फेडायचं होतं. एकानं सुचवलं, की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. बारा-बारा जणांचे गट करू, एक जण दर आठवड्याला घरोघर जाऊन गोळा करेल. पैसे गोळा करायला जाणाऱ्यांना कुणाच्या घरी काय चाललंय ते कळू लागलं: कोण पितो, कुठं भांडणं आहेत. वेस्ली यांनी लगेच ओळखलं, की हीच देखरेखीची व्यवस्था आहे. त्यातून 'क्लास' उभे राहिले. दर तीन महिन्यांनी तपासणी होई आणि टिकणाऱ्याला नवं तिकीट मिळे. त्यावर नाव आणि बायबलचं एक वचन असे. तिकीट नसेल तर प्रेमभोजनाला, म्हणजे सदस्यांनी एकत्र खाऊन करायच्या उपासनेला, प्रवेश नाही. लोकांनी ही तिकिटं आयुष्यभर जपली, म्हणून आज संग्रहालयांत ती सापडतात. मन पालटणं ही आतली गोष्ट खरी, पण ती टिकवायला पेनी, यादी, तिकीट आणि शेजाऱ्याची नजर लागली. इव्हँजेलिकल धर्म व्यक्तिवादी आहे असं सरसकट म्हणणाऱ्यांनी एखादी क्लासची वही उघडून बघावी.

बायकांच्या लिखाणानं हा अभ्यास सर्वांत जास्त बदलला. ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टची सेरा ऑस्बर्न ही शाळा चालवून घर सांभाळणारी, सतत पैशाच्या ओढीत असलेली बाई. तिनं हजारो पानं लिहिली. कॅथरीन ब्रेकस यांनी २०१३ साली तिच्यावर सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. १७६६-६७ मध्ये सेराच्या घरी प्रार्थनेसाठी इतके लोक येऊ लागले, की आठवड्याची संख्या पाचशेपर्यंत गेली. रविवारी संध्याकाळी गुलाम आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय लोक येत. बाईनं असं पुढारपण करणं योग्य नाही, असं तिच्या ओळखीच्या पाळकाला वाटलं. तिनं पत्रानं उत्तर दिलं आणि बैठका चालू ठेवल्या. याच सेराच्या घरात आधी एक गुलाम मुलगा होता. त्याला विकायचा विचार तिनं केला, तेव्हा त्याच्या आईनं विरोध केला, आणि ती आई सेराच्याच मंडळीत होती. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या आयुष्यातल्या. चांगला इतिहासकार यातली एक पुढं करून दुसरी झाकत नाही.

मोठ्या घटनांच्या प्रसिद्ध वृत्तांतांकडेही याच नजरेनं पाहावं लागतं. २३ सप्टेंबर १८५७ रोजी न्यू यॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर दुपारी बाराला एक प्रार्थनासभा भरली. तास संपेपर्यंत सहा जण आले. पुढच्या महिन्यात बँका कोसळल्या, आणि काही महिन्यांत शहरभर अशा सभा रोज भरू लागल्या. नियम कडक होते. प्रार्थना किंवा बोलणं पाच मिनिटांच्या वर नाही, वादाचे मुद्दे काढायचे नाहीत, वेळेवर सुरू आणि वेळेवर बंद. कुणी लांबवलं तर घंटी. दुपारच्या सुट्टीत बसणारा हा धर्म व्यापाऱ्यांच्या घड्याळानं घडवला होता. कॅथरीन लाँग यांनी दाखवून दिलं, की वर्तमानपत्रांनी ही सभा उचलून धरली आणि 'व्यापाऱ्यांचं संजीवन' अशी प्रतिमा रूढ झाली. बायकांच्या सभा आणि मेथडिस्टांमधली आधीची संजीवनं त्या कथेतून गळाली.

आकडे तर फारच जपून वापरायचे. कँबस्लँगला ऑगस्ट १७४२ च्या प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, तीस हजार लोक होते असं त्या वेळी सांगितलं गेलं. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन यांनी व्हाइटफील्ड बोलत असताना मागं मागं चालत आवाज कुठवर पोचतो ते पाहिलं, अर्धवर्तुळ धरून माणशी दोन चौरस फूट जागा मोजली आणि तीस हजारांहून जास्त लोक ऐकू शकतील असा हिशेब केला. हा हिशेब आवाजाचा आहे, हजर लोकांचा नाही. तरी पुढं अनेक ठिकाणी त्याचा आधार गर्दीच्या आकड्याला दिला जातो. विसाव्या शतकात अडचण वेगळ्या रूपात येते. अमेरिकन प्रवचनकार बिली ग्रॅहॅम यांच्या सभांमध्ये पुढं येणाऱ्या प्रत्येकाचं कार्ड भरलं जाई: नाव, पत्ता, आणि आज नेमकं काय ठरवलं, म्हणजे प्रथमच ख्रिस्ताला स्वीकारलं, की आधीचाच निश्चय पुन्हा केला. १९५७ साली न्यू यॉर्कच्या सभा सोळा आठवडे चालल्या. पुढं येणाऱ्यांतले बरेच जण आधीपासून चर्चशी जोडलेले असत. 'इतक्या लोकांनी निर्णय घेतला' हे वाक्य 'इतके नवे ख्रिस्ती झाले' असं वाचलं, की सगळं गणित चुकतं.

वस्तूंकडे पाहणारे अभ्यासकही आता आहेत. वॉर्नर सॉलमन यांनी १९४० साली काढलेलं ख्रिस्ताच्या मुखाचं चित्र दुसऱ्या महायुद्धात सैनिकांच्या पाकिटात गेलं, मग बैठकीच्या खोल्यांत आणि रविवारच्या शाळांत. डेव्हिड मॉर्गन यांनी धार्मिक नियतकालिकांतून आवाहन करून या चित्राबद्दल पत्रं मागवली. पाचशेहून जास्त आली. चित्रपूजेला विरोध करणाऱ्या परंपरेतले लोक आजारपणात या चित्राकडे बघून कशी प्रार्थना केली ते लिहीत होते. आजच्या काळासाठी मानववंशशास्त्र मदतीला येतं. तान्या लरमन यांनी शिकागो आणि कॅलिफोर्नियातल्या व्हिनयार्ड या इव्हँजेलिकल चर्चगटाच्या मंडळ्यांत दीर्घकाळ बसून पाहिलं, की देवाचा आवाज ऐकणं लोक शिकतात. मनात आलेल्या कोणत्या विचाराला देवाचा समजायचं, त्याची पारख एकमेकांत बोलून करतात, वही ठेवतात. कुणी देवासाठी कॉफीचा दुसरा कप भरून ठेवतं. २०१२ साली हे काम प्रसिद्ध झालं, आणि कँबस्लँगच्या साक्षी वाचणाऱ्यांना जुन्या पानांकडे पाहायची नवी दृष्टी मिळाली.

या सगळ्या पद्धतीवरही एक रास्त टीका आहे. रोजचं जगणं पाहता पाहता पैसा आणि सत्ता नजरेआड होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं वचन कुणी छापलं, कोणत्या दुकानातून आलं, त्यातून नफा कुणाला झाला? टिमथी ग्लोगी यांनी शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूट या धर्मशिक्षण संस्थेचा अभ्यास करून दाखवलं, की त्या धर्माच्या मांडणीवर उद्योगजगताच्या विचारांचा किती प्रभाव होता. डॅनियल वाका यांनी प्रकाशन व्यवसायाकडे पाहिलं. इव्हँजेलिकल वाचक हा गट बाजारानंही घडवला, असं त्यांचं प्रतिपादन. क्रिस्टिन कोबेस डु मे यांनी २०२० साली म्हटलं, की गोऱ्या अमेरिकन इव्हँजेलिकलांना ओळखायचं तर त्यांच्या सिद्धांतांच्या यादीइतकंच ते काय वाचतात, ऐकतात, विकत घेतात ते पाहा. माझ्या मते हे रोजच्या जगण्याच्या अभ्यासाचंच पुढचं पाऊल आहे, फक्त त्याला ग्राहक, विक्रेता आणि छापखाना जोडावा लागतो. एक धोका मात्र राहतो: या मांडणीत कृष्णवर्णीय आणि अमेरिकेबाहेरचे इव्हँजेलिकल पुन्हा काठावर जातात.

आणि बाहेरचे तर आता बहुसंख्य आहेत. १९३० च्या दशकात रुआंडातल्या गाहिनीहून युगांडा आणि केनियाकडे पसरलेल्या पूर्व आफ्रिकेच्या संजीवनात लोक भर सभेत चोरी, व्यभिचार कबूल करत आणि चोरलेलं परत नेऊन देत. कबुलीत इतरांचीही नावं येत, म्हणून शेजारी, प्रमुख आणि वसाहतीचे अधिकारी अस्वस्थ होत. इथं मन पालटणं ही गोष्ट मुळातच सार्वजनिक आणि भावकीत खळबळ उडवणारी आहे. तिचा अभ्यास न्यायालयाच्या नोंदी आणि अधिकाऱ्यांच्या अहवालांतूनही करावा लागतो. १९०५ साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन झालं. तिथं काम करणाऱ्या मिनी एब्रम्स यांनी १९०६ साली त्यावर पुस्तिका लिहिली आणि तिची प्रत चिलीच्या व्हाल्परायसोमध्ये मिशनरी असलेल्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला, मे हूवर यांना, पाठवली. १९०९ साली तिथल्या मेथडिस्ट मंडळीत संजीवन उसळलं, वरिष्ठांशी वाद झाला आणि चिलीचं स्वतंत्र पेंटेकोस्टल चर्च उभं राहिलं. या साखळीत लंडन नाही, बॉस्टन नाही. केडगाव आणि व्हाल्परायसो आहे, आणि मध्ये टपालानं गेलेली एक पुस्तिका. हा प्रवाह अटलांटिकच्या दोन काठांवरून बाकी जगाला गेला, या जुन्या नकाशाला अशा साखळ्यांनीच छेद दिला. म्हणून मिशनांच्या पत्रव्यवहाराच्या पेट्यांमध्ये अभ्यासक आता पाठवणाऱ्याच्या नावाइतकंच पाकिटावरच्या पत्त्याकडेही लक्ष देतात.